कातळच आहे, बोअर कशाला?

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरून ‘मातीवाल्या बाई कुठे राहतात’ असं विचारलंत, तर रिक्षावाला तुम्हाला सरळ उमा ठाकूरदेसाईंच्या दारात आणून सोडायचा. वर निघताना ‘जरा जपून हां, तापट आहेत’ असंही बजावायचा. होत्याच तापट. आणि का नसाव्यात? ज्या कामात समोरचा माणूस रोज तुम्हाला वेड्यात काढतो, ते काम शांत डोक्याने करून दाखवा बघू!

काम काय, तर बांधकामाआधी जमीन तपासायची. मशीनने भोक पाडत खाली जायचं, आतून दगडाची नळकांडी बाहेर काढायची, लाकडी पेटीत ओळीने मांडायची, आणि खाली काय आहे, किती भार सोसेल, ते सांगायचं. भूशास्त्र शिकलेल्या उमाताईंनी आधी रेल्वेच्या बोगद्यांवर हेच काम केलं. १९९८ साली गाड्या धावायला लागल्या, तिथलं काम आटपलं, तेव्हा एक जुनं मशीन घेऊन त्यांनी घराच्या पडवीतच प्रयोगशाळा थाटली. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांचे वडील आप्पा, निवृत्त मास्तर. पूर्वी त्या पडवीत आप्पांची शिकवणी चालायची, आता तिथे मातीच्या पिशव्या. ‘माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा ह्या पिशव्या बऱ्या, निदान गप्प बसतात,’ असं आप्पा म्हणायचे.

‘अहो कातळच आहे, बोअर कशाला?’ हे वाक्य ऐकून ऐकून उमाताईंचे कान किटले होते. वकील म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, आंब्याचे बागायतदार तर काय, विचारूच नका. पायाखालची जमीन म्हणजे जशी काही घरातली सून, तिला काय विचारायचंय, अशी एकेकाची तऱ्हा. भूजच्या भूकंपानंतर थोडी भीती बसली, चार माणसं आपणहून दारात आली. पण भीती ती किती दिवस टिकणार?

आता हा कातळ म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या एका शब्दाने घडवलं. घाटावर कातळ म्हणजे काळा फत्तर. तो एकदा लागला की खालपर्यंत तोच, पुढे बघायला नको. आमच्या रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जो उघडा जांभा पसरलेला असतो, पावसाने काळा पडलेला, त्याला आम्ही कातळ म्हणतो. वरून असा टणक, की पहार मारली तर हात झिणझिणावेत. पण तो काही ठिकाणी खोलवर असतो आणि काही ठिकाणी पुरुषभर उंचीचा थर संपला, की खाली शेडी. शेडी म्हणजे पिवळट, मऊ, लोण्यासारखी माती. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून आत शिरतं आणि ती शेडी वर्षानुवर्षं धुऊन नेतं. वर कातळ तसाच आणि पोटात पोकळी. बघणाऱ्याला काय कळणार, डोंबल?

उमाताईंच्या मशीनवर गंगाराम शिवगण नावाचा माणूस होता. सुरुवातीपासूनचा. गाव भडेवठार, शहरापासून आत, नदीपलीकडे. हात मशीनवर पक्का, पण तोंड उघडायचं म्हटलं की संकट. २००४ च्या वैशाखात मालगुंडला एका हॉटेलच्या जागेवर काम चालू होतं. दुपारी काजूच्या झाडाखाली डबे उघडले, तेव्हा गंगाराम बराच वेळ नुसती भाकरी चिवडत राहिला.

“काय रे, बायको भांडली काय?” उमाताईंनी विचारलं.

“नाय ओ बाई. आमच्या हायस्कुलाचा पाया खनतायत.”

“मग पेढे आण की! तोंड कसलं पाडून बसलायस?”

पेढे आणण्यासारखीच गोष्ट होती ती. भडेवठारात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल नदीच्या पलीकडल्या काठाला, आणि पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की रस्ता बंद. मुलगे मुंबईला काकामामांकडे जाऊन शिकायचे. मुली घरी. गंगारामची दीपाली सातवीत पहिली आली होती आणि वर्षभर घरात बसून शेणगोठा करत होती. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने शेवटी मनावर घेतलं. आठवीच्या वर्गाला जूनपासून मंजुरी मिळाली, अट एकच, वर्गाला गावात जागा दाखवायची. दुमजली, स्लॅबची इमारत ठरली, आणि ती उभी राहीपर्यंत तळमजल्याच्या दोन खोल्या आधी उरकायच्या, असं मंडळाने लिहून दिलं.

“जागा कुठली?” उमाताईंनी विचारलं.

“ढोलसडा.”

“बोअर कोणी घेतला?”

गंगाराम भाकरीकडे बघत म्हणाला, “घेतला नाय. कातळच हाय म्हनतात.”

उमाताईंनी डबा खाली ठेवला. “आणि तू काय म्हणालास?”

“मी काय म्हननार? मंडळाचा अध्यक्ष सागर, आमच्या भावकीतला. गावात ऱ्हायचाय मला.”

“भावकी चुलीत घाल तुझी! त्या वर्गात पोर कोणाची बसणार आहे? सागरशेठची? ती मुंबईत इंग्रजी शाळेत जातायत. तुझी बसणार आहे, मेल्या, तुझी!”

गंगारामने तरी काय बोलायचं? रविवारी उमाताईंनी टेम्पोत मशीन चढवलं आणि कोणी बोलावलेलं नसताना भडेवठार गाठलं. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, “आमंत्रण नसलेल्या लग्नाला चाललीस, उमे. जेवायला वाढतील अशी आशा ठेवू नकोस.”

ढोलसडा हे नाव शिमग्यातल्या ढोलांवरून पडलं, असं गावातली माणसं सांगत. पालखी तिथे थांबते, ढोल वाजतात, म्हणून ढोलसडा. उमाताई त्या सड्यावरून मधोमध चालत गेल्या, गंगारामच्या हातातली पहार घेतली आणि दणदिशी आपटली. आवाज बद्द आला, रिकाम्या रांजणासारखा. त्यांनी गंगारामकडे बघितलं, त्याने मान खाली घातली.

पायाचे खड्डे खणणारे गडी काम थांबवून बघत बसले. पहिल्या भोकात सुरुवातीला जांभा काय सुरेख निघाला! अखंड, लालबुंद, नळकांड्याला एक तडा नाही. गडी एकमेकांना कोपरानं ढोसत हसायला लागले. मग भोकात सोडलेलं पाणी वर यायचं बंद झालं. मशीनला पाणी पाजतायत, पाजतायत, आणि ते जातंय कुठे कोणाला ठाऊक. गंगारामने मशीनचा वेग कमी केला, आणि एकदम रॉड सुळकन खाली गेला. दगड नाही, माती नाही, काही नाही. माणूस उभा मावेल एवढी पोकळी, आणि तिच्या तळाला शेडी. दुसऱ्या टोकाला भोक घेतलं, तिथेही तेच.

एवढ्यात गंगारामची बायको मालन कोरा चहा घेऊन आली. पोरीची शाळा तपासायला बाई स्वतः आल्या, म्हणून तिने डोकीवरून नीट पदर घेतला होता. “बरा हाय ना बाई सगळा?” तिने हसून विचारलं.

“नाही गो. बरं नाही. इथे शाळा बांधता येणार नाही.”

मालनचा चेहरा उतरला. उमाताईंचा चहा अर्धाच झाला होता, तरी तिने पुढे होऊन पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चालू लागली.

पुढच्या रविवारी देवळात सभा भरली. मुंबईहून सागरशेठ आले, मंडळाने नेमलेले इंजिनिअर साहेब कराडहून आले. माणसं अशी तापलेली, की उमाताईंना बसायला कोणी सतरंजीही पुढे केली नाही. त्यांनी दगडांची पेटी देवळाच्या फरशीवर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

“पण हे कसं शक्य आहे?” साहेब म्हणाले. “मी सागरशेठना फोनवर स्पष्ट विचारलं होतं, खाली काय लागतं? ते म्हणाले, वीतभर माती, मग सगळा कातळ. मी येऊन बघितलं, पहार मारली, ठिणगी उडाली. म्हणून तर बोअरचं काम मी रद्द केलं.”

“कातळच हाय की!” चारपाच जण एकदम ओरडले. “आमी काय खोटा सांगितला?”

“अहो, खोटं कोण म्हणतंय!” उमाताईंचा आवाज चढला. त्यांनी ओढणी कमरेला आवळली, म्हणजे आता खैर नाही. “तुमचा कातळ वेगळा, ह्यांचा कातळ वेगळा! तुम्ही जांभ्याला कातळ म्हणालात, ह्यांनी काळा फत्तर ऐकला. आणि त्या ऐकीव कातळावर हे दुमजली शाळा चढवायला निघाले! साहेब, मुलखात नवीन आलात ना, मग एकदा विचारायचं तरी, बाबांनो, कातळ म्हणजे नक्की काय म्हणता तुम्ही? की डिग्री घेतली म्हणजे विचारायची लाज वाटते?”

साहेब पेटीजवळ उकिडवे बसले. शेडीच्या गोळ्यावर त्यांनी अंगठा दाबला, तर अंगठा पेरभर आत गेला. ते बराच वेळ तो अंगठा रुमालाला पुसत राहिले. मग म्हणाले, “मी ह्या जागेवर सही करणार नाही.” माणसाचं हे एक चांगलं म्हणायचं. चूक झाली ती पदरात घेतली, फाटे फोडत बसला नाही.

पण सागरशेठ! पांढरा सफारी, गळ्यात साखळी. ते उठले आणि म्हणाले, “ह्या बाईंना कोणी बोलावलं होतं? आपल्या बापजाद्यांनी कातळावरच घरं बांधली ना? पडली का?”

“कौलारू घरं! एक मजली! तुमच्या बापजाद्यांनी स्लॅब घातला होता का?”

“ते मला माहीत नाही. जूनमध्ये वर्ग सुरू झाला नाही तर मंजुरी जाईल. पोरींचं वर्ष बुडेल. त्याला जबाबदार ह्या बाई. गावात दुसरी जागाच नाही.”

बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. मालन उठून उभी राहिली. देवळाच्या सभेत बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी, आवाज कापत होता, पण तो भीतीने नव्हे.

“बाई, तुमी शिकलेल्या, तुमचा खरा असंल. पन तुमी नको सांगून घरी जाल. माजी पोर गोठ्यात बसंल. ह्या वर्सी बसली, पुढल्या वर्सी बसंल, मंग तिचा लगीन लावून देव. नको सांगायला काय लागता? कुटं बांदायची ते सांगा ना!”

हे मात्र उमाताईंना लागलं. खरंच की! आपण येऊन नाही म्हटलं, बरोबरच म्हटलं, आणि पुढे काय? ह्या पोरीने आपलं बरोबर असणं घेऊन करायचं काय? त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यापाठोपाठ दुसरा एक राग असा उसळला, की त्यांना गप्प राहवेना. कारण भडेवठारातली एक जागा त्यांना ठाऊक होती. खालपर्यंत घट्ट, शेडीचं नाव नाही, दोन मजले काय, तीन चढवले तरी हूं की चूं करणार नाही. ती त्यांनी स्वतः तपासली होती. गंगारामनेच मशीन चालवलं होतं. पण गिऱ्हाइकाची जमीन चव्हाट्यावर मांडायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी सागरशेठकडे बघितलं. बाबा रे, तूच बोल, तूच बोललास तर तुझी शोभा राहील. सागरशेठ देवळाची घंटा न्याहाळत होते.

“दुसरी जागाच नाही म्हणता?” उमाताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग गेल्या वर्षी तुमच्या बंगल्याच्या जागेवर मला कशाला बोलावलंत?”

सागरशेठची नजर घंटेवरून खाली आली.

“तिथे पण कातळच होता ना, सागरशेठ? पहार मारली की ठिणगी उडत होती! मग एकाला तीन बोअर का घ्यायला लावलेत? ‘बाई, कातळाचा भरवसा नसतो, पोकळ निघतो, नीट बघा’, हे कोण म्हणालं होतं मला? तुम्ही! ह्या तोंडाने! बंगल्यात स्वतःची पोरं निजणार, तर तुम्हाला कातळाखाली काय असतं ते बरोबर ठाऊक होतं. आणि शाळेत गावची पोरं बसणार, तर सगळं विसरलात? साहेब परमुलखातले, ते शब्दाला फसले. तुम्ही कशाला फसलात हो? लाज नाही वाटत?”

“तो माझा खाजगी विषय आहे,” सागरशेठ म्हणाले.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. म्हातारी माणसं जमिनीकडे बघत बसली, आणि सभा तशीच काही न ठरवता उठली. सागरशेठ दुपारच्या गाडीने मुंबईला निघून गेले.

उमाताई घरी आल्या त्या पायातले बूट भिरकावूनच. सगळं ऐकून आप्पा म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाइकाचं गुपित फोडलंस.”

“फोडलं.”

“आणि शाळा?”

“शाळेचं काय होणार, कप्पाळ! काम बंद पडलं. ती पोर घरी बसणार ती बसणारच.” आणि एवढ्या तापट बाई, पण त्यांचे डोळे भरून आले. आप्पांनी उठून त्यांच्यासाठी कोकमाचं सरबत केलं.

जून उजाडला. एका सोमवारी गंगाराम कामावर आला तो घाबराघुबरा. “बाई, मालन ऐकत नाय ओ!”

“काय केलं आता तिने?”

सागरशेठच्या बंगल्याचं जोतं बांधून तयार होतं. उत्तम चिऱ्याचं, कमरेएवढं उंच. भिंती दिवाळीनंतर चढायच्या होत्या. तर मालनने वाडीतल्या बायका गोळा केल्या, बांबू रोवले, वर झावळ्या आणि निळं प्लास्टिक घातलं, खालच्या बाजूला तट्टे बांधले, आणि आठवीच्या पोरी तिथे नेऊन बसवल्या. नव्या वर्गाचे मास्तर आधी कचरले. मालन त्यांना म्हणाली, “मास्तर, बाईंनी तीनदा भोका पाडून बगितल्यान. पडनार नाय.” मग मास्तरही फळा घेऊन वर चढले. मंजुरीसाठी जागा दाखवायची होती ना, ही दाखवली.

उमाताई तशाच उठून बघायला गेल्या. पाऊस कोसळत होता, प्लास्टिकवर ताशा वाजत होता आणि आत पोरी घसा फोडून पाढे म्हणत होत्या. दीपाली पहिल्या ओळीत. मालनने कोरा चहा आणून दिला आणि शेजारी बसून राहिली. ह्या वेळी पेला परत न्यायची तिला काही घाई नव्हती.

गणपतीला सागरशेठ आले. अख्खं भडेवठार आपापल्या खळ्यात उभं राहून बघत होतं. सागरशेठ छत्री घेऊन तरातरा जोत्याकडे गेले, आता हा पोरींना हाकलतो की काय, म्हणून बायकाही मागोमाग निघाल्या. त्यांनी एक पाय वर टाकला, दुसरा टाकला. पाढे थांबले. मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला. आणि दीपाली जागेवरून उठून म्हणाली, “काका, वर्गात चपला नाय आनायच्या.”

सागरशेठनी पोरीकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं. मग ते खाली उतरले, चपला काढल्या आणि अनवाणी वर आले. मास्तर म्हणाले, “बसा.” ते बसले.

गौरी जायच्या आधी त्यांनी गावसभेत ती जागा शाळेला दिली. ‘माझ्या मनात पहिल्यापासून तेच होतं,’ असं भाषणही ठोकलं. साहेबांनी नवे नकाशे काढले, पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली, आणि दारावरच्या पाटीवर दाते म्हणून सागरशेठचं नाव कोरलं गेलं. मालनचं नाही, उमाताईंचं तर नाहीच नाही. मेलं असू दे! उमाताई मात्र ती पाटी बघून महिनाभर धुसफुसत होत्या. दीपाली दहावी झाली तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला.

आणि तो निवळतोय न निवळतोय तोच एक दिवस सागरशेठचा फोन आला. आवाज अगदी गोड.

“बाई, बंगला राहूनच गेला हो आमचा. आता बांधावा म्हणतो. ढोलसड्यावरची जागा आमच्या भावकीचीच, पडूनच आहे, पायाचे खड्डे पण आयते खणलेले आहेत. काय म्हणता, तिथे बांधू?”

“बांधा की!” उमाताई म्हणाल्या. “कातळच आहे सगळा. बोअर कशाला?”

सागरशेठ हळूच म्हणाले, “बाई... मशीन कधी पाठवताय?”